ओतखोलीची हवा आणि मालतीची जांच

ही हकीगत सांगायची मी पन्नासएक वर्षं टाळली. वेळ मिळाला नाही किंवा प्रसंग आला नाही, असलं काही म्हणणार नाही. प्रसंग पुष्कळ आले. मी गप्प बसलो. आता ऐंशी ओलांडली आहे, हात अजून स्थिर आहे, आठवण साफ आहे, तेव्हा घडलं तसं लिहून टाकतो. लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही ज्यांच्या घरी मूल नाही आणि जे दवाखान्यांच्या बाकांवर बसून आहेत, त्यांनी हे वाचावं. त्यातही नवऱ्यांनी.

डॉक्टर सक्सेनांनी माझा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला आणि खिडकीच्या उजेडात हिरड्या पाहिल्या. मी गेलो होतो पोटाचं दुखणं घेऊन. पोटदुखीला हिरड्या कशाला पाहतात, ते मला कळेना.

“छापखाने में हो?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

“टाइप जोड़ते हो या ढालते हो?”

“ढालता हूँ.”

त्यांनी ओठ सोडला आणि हात धुतले. माझ्या दातांच्या कडेने हिरड्यांवर एक निळसर काळी रेघ होती. तिला लेड लाइन म्हणतात, म्हणजे शिशाची रेघ. शिसं अंगात साठत गेलं की ती उमटते. मी ती रोज सकाळी आरशात पाहत होतो आणि पानाचा डाग समजत होतो. वास्तविक मी पान खात नसे.

मग त्यांनी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती. सहा वर्षं झाली, मूल नाही, असं मी सांगितलं. बायकोची जांच जनाना इस्पितळात चालू आहे, हेही सांगितलं.

“और तुम्हारी?”

“मला काय झालंय?” मी मराठीतच बोलून गेलो.

डॉक्टरांना अर्थ कळला असावा. “वही तो देखना है,” ते म्हणाले आणि कागदावर आणखी एक तपासणी लिहिली.

आठवड्याने दोन कागद हातात आले. पहिल्यावर लेड पॉयझनिंग, म्हणजे शिशाची विषबाधा. दुसरा कागद सीमेन अ‍ॅनालिसिसचा होता, म्हणजे वीर्याच्या तपासणीचा. त्यावर ऑलिगोस्पर्मिया असा शब्द होता. वीर्यात शुक्रजंतू फारच थोडे आहेत आणि जे आहेत त्यांतले बहुतेक मंद किंवा वेडेवाकडे आहेत, असा त्याचा अर्थ डॉक्टरांनी समजावून दिला. आवाज न चढवता, मुनीम व्याज समजावतो तशा सुरात. शेवटी म्हणाले, “बायकोला आता त्रास देऊ नका. आधी तुमचं सुधारू दे.”

हे वाक्य त्यांनी हिंदीत म्हटलं, पण मला ते मराठीतच आठवतं.

आता मी काय काम करत होतो ते सांगायला हवं. आमचे आजोबा ग्वाल्हेर संस्थानात कारकून म्हणून दक्षिणेतून आले, वडील हिशेबनीस झाले, आणि मी नई सडकेवरच्या आमच्या बिऱ्हाडातून रोज सायकलने किला गेटच्या बाजूला एका छापखान्यात जात असे. तिथे मी ओतखोलीचा फोरमन होतो. शिसं, अँटिमनी आणि कथील भट्टीवर वितळवायचं, पळीने साच्यात घालायचं, अक्षराचा खिळा तयार. घरी आणि दारी आम्ही या खोलीला ओतखोली म्हणत असू, हिंदीवाले ढलाई म्हणत. धातू पुरेसा तापला की नाही हे मी कागदाची घडी बुडवून सांगत असे. कागद तांबूस झाला की धातू बरोबर, काळा पडला की जास्त तापला. या कामात माझ्या तोडीचा माणूस ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नव्हता. हे मी आजही सांगेन.

संस्थान विलीन झालं आणि मध्य भारत झाला, तेव्हा सरकारी कचेऱ्यांचे सगळे कागद बदलले. पावत्या, हजेरीपत्रकं, शिधापत्रिका, शाळांचे दाखले, सगळ्यांवर नवं नाव हवं. सरकारी कामाचा काही भाग आमच्याकडे येत असे. ‘मध्य’ मधलं ध्य हे जोडाक्षर एरवी पेटीत मूठभर पुरायचं, ते आता दर पानावर दहा वेळा लागू लागलं. आम्ही ते शेरांनी ओतलं. पुढे राज्यांची पुनर्रचना होणार, मध्य प्रदेश होणार, असं ऐकू येऊ लागलं तेव्हा मालक म्हणाले, “दत्ताजी, ध्य तर कामी येईल, बाकीचं पुन्हा ओता.” तेव्हा आम्ही यावर हसलो होतो.

जुने, शाईने माखलेले खिळे वितळवताना धूर होई. वर येणारी मळी काढताना बारीक राख उडे. खोलीला एकच खिडकी होती आणि ती मीच खिळे ठोकून बंद केली होती. वारा आला की साचा गार पडतो आणि खिळा आतून पोकळ निघतो. फटींमध्ये कागदाचे बोळेसुद्धा मीच कोंबले. पोकळ खिळा माझ्या हातून गेलेला मला खपत नसे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, “खिड़की किसने बंद की?”

“मी.”

“मालिक ने कहा था?”

“नाही. माझीच अक्कल.”

छापखान्यात आम्हाला रोज गुळाचा खडा मिळे. गुळाने शिसं पोटातून निघून जातं, असा सगळ्यांचा ठाम समज. डॉक्टर म्हणाले, गूळ खा, चांगला लागतो, पण शिसं त्याने जात नाही. ते श्वासातून येतं, तेव्हा ती हवा सोडा, हाच उपाय. माझ्या शेजारी ओतणाऱ्या मुन्नालालला चार मुलं आहेत, त्याचं काय, असं मी जरा वर तोंड करून विचारलं. ते म्हणाले, प्रत्येकाचं शरीर वेगळं. शिशानेच झालं असं मी लिहून देणार नाही, पण खोली सोडा, चार महिन्यांनी पुन्हा तपासू. तेवढ्या काळात नवे शुक्रजंतू तयार होतात.

म्हणजे उपाय होता, सोपा होता आणि मला सांगितलेला होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी स्वतःला बरीच वर्षं असं सांगत आलो की त्या काळी कुणाला काही माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

पहिला कागद मी घरी आईला वाचून दाखवला. दुसरा नेला नाही. छापखान्यात खिळ्यांच्या पेटीत ‘ळ’चा एक खण होता. हिंदी छपाईत ळ लागत नाही. वर्षातून दोन-चार मराठी लग्नपत्रिका आल्या तरच तो खण उघडायचा. दुसऱ्या कागदाची घडी करून मी ती त्या खणात ठेवली.

ओतखोलीसुद्धा लगेच सोडली नाही. खिडकी मात्र उघडली. मुन्नालाल आणि दुसऱ्या ओतणाऱ्यांना शिशाच्या रेघेबद्दल सांगितलं, त्यांच्या हिरड्या पाहिल्या, तोंडाला ओलं फडकं बांधायला लावलं. त्याबद्दल मला आजही बरं वाटतं. पण मी स्वतः तिथेच राहिलो. नव्या राज्याची राजधानी भोपाळला होणार होती. सरकारी काम केलेल्या जाणत्या माणसांना तिकडे जागा मिळतील, अशी बोलवा होती. ऐन हंगामात फोरमनने पोट दुखतं म्हणून खोली सोडायची, हे मला बरं वाटेना. चार महिने थांबू म्हणालो. ते वर्षभर लांबलं.

या वर्षात माझी पत्नी मालती जनाना इस्पितळात जात राहिली.

मालती मिरजेची. तिचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मराठी शाळेत हेडमास्तर होते. व्याकरण हा त्यांचा जीव. मालती आली तेव्हा तिचं मराठी इतकं स्वच्छ की आमच्या घरातल्या बोलण्याला ती तोंडाला पदर लावून हसे. आमचं मराठी ग्वाल्हेरचं. आम्ही ‘सडकेवर पानी सांडलं’ म्हणणार आणि त्यात काही चुकलं असं आम्हाला वाटणारही नाही. सहा वर्षांत तीही आमच्यासारखी बोलू लागली. तपासणी हा शब्द आमच्या घरात कुणी वापरतच नसे. आम्ही हिंदीतला जांच म्हणत असू. ‘आज सुनबाईची जांच आहे,’ असं आई म्हणे आणि टांगा बोलावी.

जांच म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही. नंतर मालतीने एकदा सांगितलं. ट्यूबल इन्सफ्लेशन असं त्याचं नाव. गर्भाशयातून हवा सोडायची आणि ती नळ्यांमधून पलीकडे जाते का ते पाहायचं. गेली तर नळ्या मोकळ्या. तेव्हा गुंगीचं औषध देत नसत. हवा पोटात वर चढते आणि दोन दिवस खांदा ठणकतो. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, “खांदा दुखा? तो अच्छा है बेटी. रास्ता खुला है.” मालतीचा खांदा पहिल्या वेळी दुखला, दुसऱ्या वेळी दुखला. रस्ता मोकळा होता. तरी मूल नाही, म्हणून आईने तिसऱ्यांदा नेलं. दुसऱ्या कागदावर जे लिहिलं होतं ते घरात एकाच माणसाला माहीत होतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, दारात टांगा थांबला. अण्णा उतरले. पत्र नाही, तार नाही. मिरजेहून दोन रात्री रेल्वेत काढून आलेले, धोतर चुरगळलेलं, हातात एक पिशवी. मी त्या दिवशी पोटदुखीने घरीच होतो. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली तर तांब्या त्यांनी हातात घेतला नाही.

“मी मालतीला न्यायला आलो आहे,” ते म्हणाले.

“अहो, पण काय झालं? कुणी आजारी आहे का मिरजेला?” आई म्हणाली.

“विहीणबाई, तुम्ही मला विचारता? माझ्या मुलीचा जाच कोण करतं इथे?”

“जांच? डॉक्टरीणबाई करतात की. फार शिकलेल्या आहेत. मी स्वतः घेऊन जाते, एकटीला कधी सोडत नाही.”

अण्णा खाली बसले. “म्हणजे तुम्ही पैसे मोजून बाहेरच्यांकडून करवता?”

“मग काय घरी करायची?” आई आता चिडली. “घरी कुणाला येते? दर खेपेला नेते, टांग्याने नेते. मिरजेला होते का अशी जांच?”

“मिरजेला,” अण्णा उठून उभे राहिले, “मिरजेला माणसं राहतात!”

मालती स्वयंपाकघरातून आली. अण्णांनी पिशवीतून तिचंच पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. ते मला पाठ आहे. “इथे माझी दर दोन-तीन महिन्यांनी जाच होते. सासूबाई स्वतः घेऊन जातात. जाच झाली की दोन दिवस खांदा भरून येतो. आता सवय झाली, काळजी नसावी.”

तिने जांचवरचा अनुस्वार दिला नव्हता. जाच म्हणजे दक्षिणेत काय, ते मराठी वाचकांना सांगायला नको. छळ.

“अण्णा,” मालती म्हणाली, “अहो, जाच नव्हे, जांच. तपासणी. दवाखान्यात.”

अण्णा पत्राकडे पाहत राहिले. “मी वर्गात तीस वर्षं शिकवलं, जाच पुल्लिंगी. तू लिहिलंस, जाच होते. मी म्हटलं, माझी मुलगी लिंगात चुकणार नाही. भीतीने हात कापत असणार हिचा.”

आधी मालती हसली, मग आई. आई हसत हसत खालीच बसली. “अगंबाई, म्हणजे मी खाष्ट सासू! टांग्याने नेऊन छळणारी!” अण्णांनाही हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आईपुढे हात जोडून म्हणाले, “विहीणबाई, माफी असावी. व्याकरणाने घात केला.” मीसुद्धा हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं, असं मालती पुढे कितीदा तरी सांगायची.

संध्याकाळी अण्णा आणि मी गच्चीवर बसलो. किल्ल्यावर ऊन उतरत होतं. अण्णांनी आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. मग म्हणाले, “जावईबापू, रागावणार नसाल तर एक विचारतो. माझा एक विद्यार्थी डॉक्टर आहे मिरजेत. त्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, अशा वेळी दोघांचीही तपासणी करतात. तुमची झाली का?”

असं विचारणं त्या पिढीच्या सासऱ्याला किती जड गेलं असेल, ते आज मला कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित खरं बोललो असतो, असं म्हणायचा मोह होतो, पण तेही मी म्हणणार नाही.

“झाली,” मी म्हणालो. “माझ्यात काही दोष नाही.”

अण्णांनी मान हलवली. म्हणाले, “मग आमच्याच मुलीत काही कमी असणार. तुम्ही तिला सांभाळून घेता, हे तुमचे उपकार.”

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. मालतीला नेलं नाही. जाताना तिला बाजूला घेऊन काही सांगितलं. काय, ते तिने सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती बदलली. त्याआधी ती आईशी वाद घालायची, ‘नळ्या मोकळ्या आहेत म्हणतात ना, मग पुन्हा कशाला’ म्हणायची. आता काहीच म्हणेना. सोमवार धरला, गुरुवार धरला. एका बाईने सांगितलं म्हणून चाळीस दिवस मीठ सोडलं. चौथ्यांदा जांचेला आईने न सांगता स्वतः तयार झाली. माझ्या शब्दावर तिच्या वडिलांचा विश्वास बसला होता, आणि वडिलांच्या शब्दावर तिचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात नवं राज्य झालं. भोपाळला जागा निघाल्या, पण त्या फोरमनला नव्हत्या. सरकारी काम हळूहळू तिकडे गेलं, आणि मालकांनी ओतखोली बंद करून तयार खिळे बाहेरून आणायचं ठरवलं. मला वरच्या मजल्यावर मुद्रितशोधक म्हणून बसवलं. जे मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून केलं नाही, ते पुनर्रचनेने करून टाकलं. शेवटच्या दिवशी भट्टी विझवण्याआधी मी ‘ळ’च्या खणातला कागद काढून तिच्यात टाकला.

वरच्या मजल्यावर तीन बाजूंनी खिडक्या होत्या. पोटाच्या कळा दोन महिन्यांत थांबल्या. तोंडाची धातूसारखी चव गेली. उजवं मनगट पळी उचलताना लुळं पडायचं, त्यात जोर आला. पाचव्या महिन्यात मी पुन्हा डॉक्टर सक्सेनांकडे गेलो. त्यांनी ओठ खाली ओढून पाहिला आणि मान डोलावली. वीर्याची तपासणी पुन्हा झाली. ते कागद बघत म्हणाले, “अब ठीक है. पूरा नहीं, पर ठीक है.” मग विचारलं, “पत्नी को बताया?”

मी हो म्हणालो. तेही खोटंच होतं.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. नाव ठेवलं सुनंदा.

इथे ही हकीगत संपायला हवी होती. दुखणं गेलं, हवा बदलली, मूल झालं. पण बारशाला आईने जनाना इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंना पेढे पाठवले. मालतीने सोळा सोमवारांचं उद्यापन केलं. बायका विचारायला येत तेव्हा ती आनंदाने सांगे, “माझ्यात दोष होता हो. पण चार वेळा जांच केली, उपास केले, गेला दोष.” ती हे सांगत असताना मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असे. तिच्या सगळ्यात मोठ्या आनंदातही मी तिला दोषीच ठेवलं होतं, आणि ती ते हसत हसत सांगत होती.

अण्णा नातीला बघायला आले. तिला मांडीवर घेऊन ते मला म्हणाले, “तुम्ही धीर धरलात.” त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

सुनंदा मोठी झाली, लग्न होऊन इंदूरला गेली. लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही म्हटल्यावर मालतीची झोप उडाली. आम्ही तोवर दर्पण कॉलनीत राहायला आलो होतो. एकदा सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “माझाच दोष उतरला असेल पोरीत.”

मी कप खाली ठेवला. म्हटलं, आता. आता सांगून टाकू. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं, “जावयांना तपासून घ्यायला सांग.”

ती माझ्यावर कधी इतकी चिडली नव्हती. “पुरुषमाणसाला असं सांगायचं असतं का? काय वाटेल त्यांना? तुम्हाला सांगितलं होतं का कधी कुणी?”

मी कप उचलला.

जावई शहाणे निघाले. आम्ही न सांगता स्वतःच जाऊन तपासून आले. त्यांच्यात काही नव्हतं, सुनंदाच्या थायरॉइडचं काही निघालं, गोळ्या सुरू झाल्या, वर्षात नातू झाला. मालती म्हणाली, सुटलो बाई. मीही सुटलो, असं मला तेव्हा वाटलं.

आता ज्यांच्यासाठी लिहितो आहे त्यांना सांगतो.

ओतखोल्या आता राहिल्या नाहीत. पण थंडीत आमच्या कॉलनीच्या गच्चीवरून पाहिलं तर किल्ला दिसत नाही. डिझेलचा धूर, बांधकामाची धूळ, जळता कचरा, हे सगळं आपण श्वासातून घेतो. हल्लीचे डॉक्टर सांगतात की अशा हवेचाही पुरुषाच्या वीर्यावर परिणाम होऊ शकतो. होतोच, असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. माझ्या बाबतीत शिसंच कारण होतं, याचा पुरावा एवढाच की खोली सुटली आणि फरक पडला. त्याहून जास्त मी शपथेवर सांगणार नाही. पण जो माणूस बॅटरीच्या कारखान्यात, रंगाच्या, वेल्डिंगच्या धुरात, किंवा दिवसभर चौकात उभा राहून काम करतो, त्याने डॉक्टरांना आपलं काम काय ते आपणहून सांगावं. मला सक्सेनांनी विचारलं, सगळेच विचारत नाहीत. तोंडाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, कामावरचे कपडे घरी आणू नका. पुरुषाची तपासणी अगदी सोपी असते. त्यात हवा सोडत नाहीत, खांदा दुखत नाही. आधी ती करून घ्या. आणि कागद हातात आला की त्याच दिवशी बायकोला वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी ते जड जातं. दहा वर्षांनी त्याहून जड. किती जड, ते मला विचारा.

मालती चार वर्षांपूर्वी गेली. न्यूमोनिया झाला होता, अकरा दिवस दवाखान्यात होती. वॉर्डातल्या नर्स मुली चांगल्या होत्या, तिला आजी म्हणत, तिच्या मराठीची नक्कल करून तिला हसवत. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. सातव्या दिवशी ताप उतरला, तिला शुद्ध होती, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“अगं, तुला एक सांगायचंय,” मी म्हणालो.

“सांगा की.”

“फार जुनं आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या सदऱ्याच्या सुटलेल्या गुंडीकडे पाहिलं, आणि हात वर करून ती लावू लागली. तिला ती लावता येत नव्हती. बोटांत शक्ती नव्हती. तरी तिने सोडली नाही. लागली तेव्हा ती दमली होती, तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “उद्या सांगा.”

दुसऱ्या दिवशी तिचा ताप पुन्हा चढला.

सुनंदाला मी हे गेल्या महिन्यात सांगितलं. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, मला सांगून काय उपयोग? आईला सांगायचं होतंत.” ती बरोबर आहे. उपयोग नाही. तरी जे मी मनात कितीदा जुळवून ठेवलं होतं ते इथे लिहितो, कारण मालती मराठी वाचणारी होती आणि मला अक्षरांशिवाय दुसरं काही नीट येत नाही.

मालती, तू पहिल्या दिवसापासून निरोगी होतीस. मूल माझ्यामुळे होत नव्हतं आणि मला ते माहीत होतं. अण्णांशी मी खोटं बोललो. मला क्षमा कर.